कॉम्प कॅम्स एक्सई २६८ एच : कार्ब्युरेटरच्या इंजिनासाठी ११० अंशांची निवड

शेव्हरोलेच्या ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक इंजिनासाठी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, लोब म्हणजे फुगवटे असलेला दांडा) निवडताना बहुतेकांचे लक्ष लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो) आणि ड्युरेशन (तो किती अंश उघडा राहतो) या दोन आकड्यांवर खिळलेले असते आणि लोब सेपरेशनकडे, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या इनटेक आणि जळलेला वायू सोडणाऱ्या एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधील अंतराकडे, फारसे कोणी पाहत नाही. मात्र गाडी कार्ब्युरेटरवर चालणारी आणि रोजच्या वापरातली असेल, तर ती सिग्नलवर शांत उभी राहील का आणि पॉवर ब्रेकला पुरेसा व्हॅक्यूम मिळेल का, हे ठरवण्यात या दुर्लक्षित आकड्याचा मोठा वाटा असतो. कॉम्प कॅम्स या अमेरिकी कंपनीच्या ‘एक्स्ट्रीम एनर्जी’ मालिकेतील एक्सई २६८ एच हा हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (टॅपेट म्हणजे लोबवर टेकून उचलला जाणारा भाग) कॅमशाफ्ट मी होलीचा ६०० सीएफएम (मिनिटाला ६०० घनफूट हवा) कार्ब्युरेटर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्या जोडीने वापरतो आहे. अशा इंजिनासाठी तो अत्यंत विचारपूर्वक घडवलेला आहे, असे माझे मत आहे.

याचे ड्युरेशन इनटेकला २६८ आणि एक्झॉस्टला २८० अंश आहे. टॅपेट ०.०५० इंच उचलल्यावर मोजले तर तेच २२४ आणि २३० अंश भरते. १.५ गुणोत्तराच्या रॉकरने (लोबची उचल दीडपट करून व्हॉल्व्हला देणाऱ्या दांडीने) लिफ्ट ०.४७७ आणि ०.४८० इंच मिळते. लोब सेपरेशन ११० अंश असून इनटेकची मध्यरेषा (पिस्टन वरच्या टोकाला गेल्यानंतर लोबचे शिखर जिथे येते ती जागा) १०६ अंशांवर ठेवलेली आहे. यावरून हिशेब केला, तर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या २८ अंश आधी इनटेक व्हॉल्व्ह उघडतो आणि त्यानंतर २६ अंशांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटतो, म्हणजे ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) ५४ अंशांचा होतो. हेच लोब ११४ अंशांवर कापले असते तर ओव्हरलॅप ४६ अंशांवर आला असता आणि १०७ वर कापले असते तर ६० अंशांवर गेला असता. लोब सेपरेशन कॅमच्या अंशांत आणि ड्युरेशन क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) अंशांत मोजतात आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथला एक अंश इथे दोन होऊन उतरतो. ओव्हरलॅप या दोन्ही आकड्यांवर ठरतो, त्यामुळे ड्युरेशन बाजूला ठेवून नुसत्या लोब सेपरेशनवरून कॅमशाफ्ट सौम्य की उग्र हे ठरवता येत नाही.

कार्ब्युरेटरला ओव्हरलॅप अधिक जाचतो, याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. कमी फेऱ्यांवर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असताना जळलेला वायू इनटेक मॅनिफोल्डकडे मागे सरकतो, ताजे मिश्रण पातळ होते आणि व्हॅक्यूम घसरतो. इंजेक्टर दाबाखाली पेट्रोल फवारतो. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मात्र हवेच्या दाबातील फरकानेच ओढले जाते. आयडलिंग टिकवण्यासाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागला, की ट्रान्सफर स्लॉट (थ्रॉटलच्या पात्याजवळची पेट्रोलची फट) उघडा पडतो आणि मग आयडलिंगचे मिश्रण ठरवणारे मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवले तरी इंजिन दाद देत नाही. माझ्या इंजिनात न्यूट्रलमध्ये सुमारे १३ इंच (पाऱ्याच्या स्तंभाचे) आणि ड्राइव्हमध्ये सुमारे ११ इंच व्हॅक्यूम मिळतो. पॉवर व्हॉल्व्हचा (व्हॅक्यूम घसरल्यावर जादा पेट्रोल सोडणाऱ्या कार्ब्युरेटरच्या झडपेचा) आकडा, म्हणजे ती उघडण्याचा व्हॅक्यूम, आयडलिंगच्या व्हॅक्यूमच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि ऑटोमॅटिक गाडीत तो ड्राइव्हमधल्या मोजणीवरून धरावा, हा जुना नियम पाळून मी मूळचा ६.५ चा पॉवर व्हॉल्व्ह काढला आणि ४.५ चा बसवला. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळीही थेट मॅनिफोल्डला जोडली. त्यानंतर थ्रॉटल बराच मिटवता आला आणि आयडलिंग स्थिरावले.

मग आणखी रुंद, ११४ अंशांचा कॅमशाफ्ट का नको? कारण लोब जवळ आणल्याने इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांत टॉर्क वाढतो. दोन्ही कॅमशाफ्टना चार अंशांचाच ॲडव्हान्स दिला (म्हणजे इनटेकची मध्यरेषा लोब सेपरेशनपेक्षा चार अंश कमी ठेवली), तर ११० अंशांवर इनटेक व्हॉल्व्ह खालच्या टोकानंतर ६० अंशांनी मिटतो आणि ११४ अंशांवर ६४ अंशांनी. लवकर मिटल्याने सिलिंडरमध्ये दाब अधिक साठतो. अमेरिकी इंजिन-बांधणीत प्रचलित असलेले ‘१२८ चे सूत्र’ याच दिशेचे आहे. एका सिलिंडरच्या घनइंचांना इनटेक व्हॉल्व्हच्या व्यासाने भागायचे, उत्तराला ०.९१ ने गुणायचे आणि आलेली संख्या १२८ मधून वजा करायची. २.०२ इंची व्हॉल्व्ह असलेल्या ३५० साठी ते सुमारे १०८ येते. ते सूत्र साडेदहाच्या आसपास कॉम्प्रेशन गुणोत्तर गृहीत धरते आणि टॉर्कशिवाय दुसरे काही पाहत नाही, म्हणून व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टर असलेल्या साध्या कॉम्प्रेशनच्या गाडीत दोन अंश रुंद जाणे मला शहाणपणाचे वाटते.

केवळ खडबडीत आवाजासाठी याच कंपनीचा १०७ अंशांचा ‘थम्पर’ कॅमशाफ्ट घ्यावा, असा मोह अनेकांना होतो. त्याचे ड्युरेशन २७९ आणि २९७ अंश असल्याने ओव्हरलॅप ७४ अंशांवर जातो. पॉवर ब्रेकच्या गाडीत मी तो बसवणार नाही.

एक्सई २६८ चे लोब टॅपेटला झपाट्याने उचलतात, त्यामुळे मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलण्याचा खर्च खरेदीच्या वेळीच धरावा. फ्लॅट टॅपेट असल्याने झिंकयुक्त तेल घालून पहिली वीस-तीस मिनिटे इंजिन २००० च्या आसपासच्या फेऱ्यांवर चालवणेही अनिवार्य आहे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) मूळचाच ठेवायचा असेल किंवा कॉम्प्रेशन ९ च्या खाली असेल, तर याच मालिकेतील एक्सई २६२ एच घ्यावा. त्याचे लोब सेपरेशनही ११० अंशच आहे, पण ड्युरेशन कमी असल्याने ओव्हरलॅप आपोआप घटतो.