वाहता फ्लश: नुसतं सील बदलावं की अख्खा सेट?

फ्लश करून अर्धा तास उलटला तरी टाकीत बारीक सुस्कारा चालूच असतो. किंवा आवाज थांबतो, पण दर दहा-पंधरा मिनिटांनी टाकी आपणहून थोडं पाणी भरून घेते. प्लंबरला विचारलं तर उत्तर ठरलेलं, “सेटच बदलून टाका.” सल्ला वाईट नाही, पण घरी हाताने करायचं असेल तर नुसतं तळाचं सील (पाणी अडवणारी रबरी चकती) बदलणं आणि अख्खा सेट (पाणी सोडणारा मधला टॉवर त्याच्या बैठकीसकट) बदलणं या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

आधी पाणी नक्की कुठून जातंय ते ठरवा, नाहीतर हे दोन्ही पर्याय फुकट जातील. टाकी पूर्ण भरली की आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा, अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा आणि अर्धा-पाऊण तास फ्लश करू नका. पातळी खुणेखाली गेली असेल तर पाणी तळाच्या सीलमधून किंवा तिथल्याच एखाद्या भेगेतून जातंय. खाली जाऊन एका ठरावीक उंचीवर थांबली असेल तर भेग त्याच उंचीवर शोधा, बहुतेक वेळा ती ओव्हरफ्लोच्या नळीला (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या उभ्या नळीला) असते. पातळी जिथल्या तिथे राहिली तर दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा आहे. तो वेळेवर बंद होत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडातून कमोडमध्ये उतरत राहतं. अशा टाकीत तळाची दहा सीलं बदलली तरी काही होणार नाही.

गळती तळातून आहे असं धरू. बटणाच्या टाकीत मधला उभा टॉवर हा दोन तुकड्यांचा असतो. खालची बैठक टाकीच्या भोकात मोठ्या नटने कायमची आवळलेली असते आणि वरचा भाग तिच्यात नुसता अडकवलेला असतो. कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, टॉवर दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा आणि वर उचला. बुडाशी असलेली रबरी चकती म्हणजेच ते सील. खराब झालेलं सील बोटाला लगेच कळतं: कडक झालेलं असतं, कडेला लाटा आलेल्या असतात किंवा चोळल्यावर बोट काळं होतं. काळं होत असेल तर टाकीत टाकायच्या ब्लीचच्या वड्या वापरल्या जातात का, हेही बघा. त्या रबर खातात, आणि वड्या चालू ठेवल्या तर नवं सीलही त्याच वाटेने जातं.

नवं सील घेताना जुनं सोबत न्या. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी, तिन्ही जुळायला हवेत. “जवळपास तेवढंच आहे” हे इथे चालत नाही. सिलिकॉनचं मिळालं तर तेच घ्या, ते लवकर ताठरत नाही. बसवण्याआधी जुन्या सीलची कुठली बाजू खाली होती ते पाहून ठेवा. काही सीलांना एका बाजूला पातळ ओठ असतो, आणि ते उलटं बसलं की गळती पहिल्यापेक्षा वाढते. मग बैठकीच्या कडेवरून बोट गोल फिरवा. क्षाराचा खरखरीत थर लागला तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास त्यावर ठेवा आणि भांड्यांच्या मऊ घासणीने काढा. पॉलिश पेपर किंवा तारेची घासणी लावू नका, प्लास्टिकवर उठलेल्या ओरखड्यातूनच पुढे पाणी झिरपतं. सील सापडलं की काम पंधरा-वीस मिनिटांचं. (ओठ नसलेलं जुनंच सील उलटं करून बसवायची युक्ती चालते, पण नवं मिळेपर्यंतच.)

आता सेट. नव्या सेटचा वरचा भाग जुन्या बैठकीत बसला असता तर हा लेख लिहायची गरजच नव्हती. पण अडकवायचे खाचे कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे बैठकही बदलावी लागते. बैठकीचा नट टाकीच्या पोटाखाली, टाकी आणि कमोडच्या मध्ये असतो. म्हणजे टाकी उतरवणं आलं. माझा कौल इथेच सीलच्या बाजूने पडतो.

टाकी उतरवायची तर कनेक्शनचा पाइप सोडा, तळाशी उरलेलं पाणी स्पंजने टिपा आणि दोन किंवा तीन बोल्ट काढा. हे बोल्ट ओलाव्यात वर्षानुवर्षं बसलेले असतात, आणि पितळी किंवा स्टेनलेस नसतील तर नटाशी एकजीव झालेले. गंज सोडवणारं तेल टाकून थांबा. नाहीच सुटले तर टाकी आणि कमोडच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून कापावे लागतात. टाकी उचलली की मधला जाड फोमचा गास्केट दिसतो. तो दबून चपटा झालेला असतो, पुन्हा वापरला तर हमखास ठिबकतो. तोही नवा हवा आणि बोल्टांचे रबरी वॉशरही. परत बसवताना डावा-उजवा नट आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा आवळायचा आणि टाकी डुलायची थांबली की हात आवरायचा. सिरॅमिक आधी काहीच सांगत नाही, एकदम कडकन तडकतं, आणि तडकलेली टाकी जोडता येत नाही. थोडक्यात, एक गळता सांधा बंद करण्यासाठी न गळणारे चार-पाच सांधे उघडायचे. सेट बदलल्यावर येणारी तक्रार बहुतेक वेळा नव्या सेटची नसतेच. ती फरशीवरच्या ओलीची असते.

त्यात बटणाच्या दांड्यांचा खोडा. नव्या टॉवरची उंची थोडी वेगळी असते आणि झाकणातल्या बटणाच्या दांड्या जरा लांब राहिल्या तर त्या व्हॉल्व्ह कायम किंचित दाबून धरतात. लक्षण मजेशीर आहे. झाकण काढलं की गळती थांबते, ठेवलं की सुरू होते. दांड्या फिरवून आखूड करा आणि झाकण लावल्यावर बटणाला दोन-तीन मिलिमीटर मोकळा खेळ आहे ना ते तपासा.

तरीही सेटची बाजू काही ठिकाणी खरी आहे. बैठकीच्या कडेला खाच पडली असेल, अडकवायचे कान तुटले असतील, ओव्हरफ्लो तडकला असेल किंवा बैठकीखालचा वॉशरच झिरपत असेल, तर सीलवर वेळ घालवू नका. सेट घेण्याआधी टाकीचं भोक मोजा, २ इंची आणि ३ इंची बैठका एकमेकींच्या जागी बसत नाहीत. भिंतीतल्या लपवलेल्या टाकीत मात्र गणित उलटतं. तिथे अख्खा व्हॉल्व्ह बटणाच्या चौकटीतूनच वर येतो, टाकीला हात लावावा लागत नाही. त्याच कंपनीचा भाग मिळत असेल तर पूर्ण बदलायला हरकत नाही. साखळी आणि झडपेच्या टाकीत तर हा प्रश्नच नाही, झडप हेच सील. फक्त साखळीला सेंटीमीटरभर ढील ठेवा. ताणली की झडप बसत नाही, फार लांब राहिली की तीच झडपेखाली अडकते.

दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा निघाला तर मी वॉशरच्या नादी फारसं लागणार नाही. आधी फ्लोट (पाण्यावर तरंगून व्हॉल्व्ह बंद करणारा भाग) खाली करून पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर खाली थांबतंय का बघा. नाही थांबलं तर व्हॉल्व्हचं टोपण काढा, भोकावर पेला उपडा धरा आणि कॉक दोन-चार सेकंद उघडून आतला कचरा उडवा. तेवढ्यानेही भागलं नाही तर अख्खा व्हॉल्व्ह बदला, कारण इथे कनेक्शनचा पाइप सोडला की टाकीबाहेरचा एकच नट सोडायचा असतो. जाड वॉशर टाकीच्या आत, नट बाहेर, हाताने घट्ट करून वर पाव फेरा. या आट्यांवर टेफ्लॉन टेप लागत नाही, पाणी वॉशर अडवतो. नट आवळताना आतून व्हॉल्व्ह धरून ठेवा, नाहीतर तो फिरतो आणि फ्लोट भिंतीला घासून अडकतो. व्हॉल्व्हमधून ओव्हरफ्लोकडे जाणारी बारीक नळी असेल तर ती ओव्हरफ्लोच्या तोंडावर क्लिपने अडकवा, आत खोल खुपसू नका. तिचं टोक पाण्याच्या पातळीखाली गेलं तर ती टाकीतलं पाणी ओढत राहू शकते, आणि नवा व्हॉल्व्ह बसवूनही तोच सुस्कारा पुन्हा सुरू होतो.