तारीख जुनी, फाईल नवी

आमच्या निपाणीत दुपारभर घराघरांतून विड्या वळल्या जातात. आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली पानं. मजुरी मिळते ती हजार विड्यांवर. त्या मजुरीतून तिनं बाजूला ठेवलेले ४,५०० रुपये मी जानेवारी २०२४ मध्ये चालू घडामोडींच्या एका ऑनलाइन बॅचला भरले आणि ते बुडाले. बेळगाव, खानापूर, चिकोडीकडं यूपीएससी-एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, कारण ती जाहिरात आपल्यालाच गाठायला केली होती. ‘सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी निम्मी फी.’ मला परवडेल असा मराठीतून शिकवणारा क्लास जवळपास सापडला नव्हता. कुणीतरी आपली आठवण ठेवली, याचंच अप्रूप वाटलं.

पुरावाही भक्कम दिसत होता. त्यांच्या टेलिग्राम चॅनेलवर १२ मे २०२३ ची पोस्ट होती, तिच्यात नोट्सची फाईल. २८ मेच्या यूपीएससी पूर्वपरीक्षेतल्या १०० पैकी ५८ प्रश्न याच फाईलमधून आले, तेही ‘आयोगाच्या अधिकृत उत्तरतालिकेशी ताडून’, असा दावा. परीक्षेच्या आधीची तारीख समोर दिसत होती. मी पैसे पाठवले.

आईनं विचारलं, “पावती घेतलीस न्हवं?” ऑनलाइनला कसली पावती, म्हणून मी तिला गप्प केलं. पैसे संस्थेच्या नाही, कुणा एकाच्या खासगी खात्यावर गेले होते.

फेब्रुवारीत ‘जानेवारी २०२४’ असं छापलेला अंक आला. आत लिहिलेलं, भारत जी-२० चं अध्यक्षपद ‘भूषवणार आहे’. ते तर ३० नोव्हेंबर २०२३ ला संपलं होतं. भारतातली रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, ७५ दिली होती. ३१ जानेवारीला ती ८० झाली होती. ब्रिक्स या देशांच्या गटाचे सदस्य पाचच. इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती १ जानेवारीपासून आत आले, त्याचा पत्ताच नाही. जुन्याच नोट्सचं नुसतं मुखपृष्ठ बदललं होतं. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात. असलं पाठ करून गेले असते तर हातचे गुणही गेले असते.

मग मी ती मे महिन्याची पोस्ट पुन्हा उघडली. टेलिग्रामवर चॅनेलवाल्याला जुनी पोस्ट बदलता येते, आतली फाईलसुद्धा. तारीख मात्र पहिलीच राहते. वेळेशेजारी तेवढं बारीक अक्षरात ‘एडिटेड’ दिसतं. फाईल उतरवून घेतली, तिचे तपशील पाहिले. तयार झाल्याची तारीख ३ जून २०२३. पेपर होऊन सहा दिवस झाले होते!

उत्तरतालिकेची थाप तर त्याआधीच पकडता आली असती. यूपीएससीनं २०२३ च्या पूर्वपरीक्षेची अधिकृत तालिका अंतिम निकालानंतर दिली आणि तो निकाल लागला १६ एप्रिल २०२४ ला. मी पैसे भरले तेव्हा ती तालिका बाहेर आलेलीच नव्हती. शिवाय त्या पेपरात इतिहास, भूगोल, राज्यघटना सगळं असतं. चालू घडामोडींच्या एका फाईलमधून ५८ प्रश्न येतीलच कसे?

पैसे परत मागितले, तर मला ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर दीड महिना उलटला होता. या नंबरवर फसवणूक कळताच, त्याच दिवशी फोन करा; पैसे पुढं सरकले की अडवणं अवघड होतं.

आता मी पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, साइटवरची सरकारी निवेदनं रोज वाचते, फुकट असतात. ‘योजना’ मासिक मराठीतून मिळतं. जुने पेपर आयोगाच्याच साइटवर आहेत. वहीत प्रत्येक आकड्यापुढं तारीख लिहिते.

ते चॅनेल अजून चालू आहे. १६ जून २०२४ च्या पेपरातले ६२ प्रश्न आमचेच, अशी नवी जाहिरात लागलीय. ‘पुरावा’ म्हणून मे २०२४ मधली पोस्ट दिलीय आणि तिच्या वेळेशेजारीही बारीक अक्षरात ‘एडिटेड’ आहे.