अर्ध्या किमतीतला ‘ओरिजिनल’ स्कोप

पेन्सिल्वेनियात रीतसर कोर्स करून, लायसन्स काढून हरणांच्या शिकारीला जाणारी मराठी माणसं माझ्या ओळखीत आहेत. मीही त्यांतलाच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली. त्यामुळे बंदूक कशी पारखायची, स्कोप म्हणजे तिच्यावर बसवायची नेमाची दुर्बीण कशी निवडायची हे सांगणारं घरात कुणी नसतं. आपण ऑनलाइन रिव्ह्यू वाचतो, किमती बघतो आणि घेतो. अशा ग्राहकालाच गाठणारे विक्रेते आहेत. त्यांनी मला गाठलं, तुम्हाला गाठू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मला हवा होता साधा ३-९x४० स्कोप, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटरची. पूर्वेकडच्या दाट जंगलात शंभर यार्डांच्या आतच हरीण दिसतं, त्याला एवढं पुरतं. एका नावाजलेल्या कंपनीचा तीनशे डॉलरचा स्कोप एका मोठ्या मार्केटप्लेसवर १३९ डॉलरला दिसला. ‘गोदामातला शिल्लक माल, खोका थोडा चेपलेला, आत ओरिजिनल.’ साडेचारच्या वर स्टार, हजारो रिव्ह्यू. माल आला तेव्हा खोका, वॉरंटी कार्ड, नळीवर कोरलेला सीरियल नंबर, सगळं जागच्या जागी होतं.

स्टेट गेम लँडच्या (राज्याने शिकारीसाठी राखलेल्या जमिनीवरच्या) रेंजवर जाऊन शंभर यार्डांवर झिरो केला, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल असा जुळवला. गोळ्या दीड इंचात पडल्या. अशा मालाची मेख इथेच असते. पहिल्या दिवशी तो नीटच वागतो, आणि नेमके तेवढ्यावरच लोक पाच स्टार देऊन मोकळे होतात.

रायफलचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. माझ्याकडे मादी मारायच्या परवान्याचं टॅग होतं. साधारण सत्तर यार्डांवर ती पूर्ण आडवी उभी होती, बंदूक झाडाच्या आधाराला टेकवलेली, वारा नाही. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा सुमारे आठ इंचांची असते. एवढ्या अंतरावरून ती चुकायचं कारण नव्हतं. गोळी मागच्या मांडीत लागली. ती तीन पायांवर ओढ्याच्या दिशेने गेली. आम्ही पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत तासन् तास मागे फिरलो, आणि शेवटी बरोबरच्या काकांनी त्यांच्या बंदुकीने तिला यातनांतून सोडवलं. तो सबंध वेळ त्या जनावराने जे सोसलं, ते कुणीतरी शंभर-दीडशे डॉलर कमावले म्हणून सोसलं. मला राग पैशांचा नाही, याचा आहे.

काका ऐंशीच्या दशकापासून इथे शिकार करतात. ते म्हणाले, “आधी स्क्रू बघ रे, मग स्कोपला शिव्या घाल.” बरोबरच होतं त्यांचं. नेम हलला की दहातल्या बऱ्याच वेळा दोष स्कोपला बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या रिंगांच्या किंवा बेसच्या सैल स्क्रूंचा असतो. टॉर्क रेंचने सगळे तपासले, घट्ट होते. मग त्याच रायफलवर, त्याच डब्यातल्या काडतुसांनी काकांचा जुना, कायम चार पटच दाखवणारा फिक्स्ड स्कोप लावून बघितला. गोळ्या पुन्हा एका ठिकाणी. म्हणजे रायफल ठीक, काडतूस ठीक, मारणाऱ्याचा हातही ठीक.

मग माझा स्कोप परत चढवून बॉक्स टेस्ट घेतली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नेम सरकवायला स्कोपवर फिरवायच्या दोन गोल खुंट्या असतात, त्यांना टरेट म्हणतात. बहुतेक शिकारी स्कोपवर त्यांचा एक क्लिक म्हणजे पाव एमओए (कोन मोजायचं माप), म्हणजे शंभर यार्डांवर जवळपास पाव इंच. मोठ्या कागदाच्या मध्यावर नेम धरून गोळी मारायची. मग चाळीस क्लिक वर, चाळीस उजवीकडे, चाळीस खाली, चाळीस डावीकडे. दर वेळी नेम मध्यावरच धरायचा आणि गोळी मारायची. कागदावर साडेदहा इंचांचा चौकोन उमटला पाहिजे, आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी पडली पाहिजे. माझ्या कागदावर वरची गोळी ठीक गेली. उजवीकडची सहा इंचांवरच अडली. शेवटची परत येताना चार इंच बाहेर राहिली. आणि मग काहीही न फिरवता पुढची गोळी आणखी दोन इंच सरकली! काकांनी टरेटवर नाण्याने हलकी टिचकी मारली, तशी पुढची गोळी तिसरीकडेच.

आत काय होतं ते कळलं की हे लक्षात येतं. नेमाची फुली नळीच्या आतल्या दुसऱ्या छोट्या नळीत असते. एका बाजूने टरेटचे स्क्रू तिला ढकलतात, समोरून स्प्रिंग दाबून धरते. स्प्रिंग कमजोर असली किंवा आटे ओबडधोबड असले, की ती नळी अडकून बसते आणि पुढची गोळी झाडतानाच्या धक्क्याला अचानक सुटते. पॉइंट टू-टूच्या छोट्या काडतुसाच्या हलक्या धक्क्यावर असला माल वर्षभरही निभावेल. थ्री-ओ-एटसारख्या मोठ्या काडतुसाचा धक्का त्याला झेपत नाही. काचेतून बघून यातलं काहीच कळत नाही. स्वच्छ काच आता स्वस्तातही मिळते, आणि दुकानात आपण नेमकं तेवढंच बघतो.

सीरियल नंबरचा फोटो कंपनीला पाठवला. उत्तर आलं की हा नंबर वेगळ्याच मॉडेलचा आहे, अक्षरांची कोरणीही आमची नाही, म्हणजे हा स्कोप आमचा नाही. ल्यूपोल्ड किंवा व्होर्टेक्ससारख्या कंपन्या खरेदीची पावतीही न मागता आयुष्यभर स्कोप दुरुस्त करून देतात, पण तो त्यांचा असला तर. नकली मालासोबत आलेल्या वॉरंटी कार्डाला कागदाइतकीच किंमत.

रिव्ह्यूंचं गौडबंगाल नंतर उलगडलं. अगदी जुने रिव्ह्यू उघडले तर लोक ‘बॅटरी छान टिकते’, ‘कॅम्पिंगला उपयोगी’ असं लिहीत होते. ते टॉर्चचे होते! जुन्या मालाचं पान तसंच ठेवून त्यावर नवा माल चढवायचा, म्हणजे स्टार आयते मिळतात. २०२३ मध्ये ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकाराबद्दल पहिल्यांदा कारवाई केली, सप्लिमेंट विकणाऱ्या एका कंपनीला ६ लाख डॉलर भरावे लागले. म्हणून रिव्ह्यू नेहमी सर्वांत जुन्यापासून वाचा. विक्रेत्याच्या नावावरही क्लिक करा. जून २०२३ पासून लागू झालेल्या इन्फॉर्म कायद्यानुसार, एखाद्या मार्केटप्लेसवर वर्षाला २० हजार डॉलर किंवा जास्त विक्री करणाऱ्या मोठ्या विक्रेत्याचं नाव-पत्ता तिथे दाखवावंच लागतं. हजारो रिव्ह्यू आणि पत्ता मात्र कुठेच नाही, हे जुळतच नाही.

स्वस्त स्कोप घेऊ नका असं मी म्हणत नाही. दीडशे-दोनशेत चांगले मिळतात, फक्त त्यांची कामं मोजकी असतात. ‘६-२४x५०, लाल-हिरवी फुली, लेझर फुकट’ असलं काही त्या किमतीत दिसलं की पुढे जा. पन्नासला चोवीसने भागा, डोळ्यापर्यंत जेमतेम दोन मिलिमीटरचा उजेड येतो. ३-९x४० नऊवर ठेवला तरी साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतो. आणि इथे हरीण बाहेर पडतं ते झुंजूमुंजू होताना नाहीतर दिवेलागणीला.

रिटर्नची मुदत असेपर्यंत घरच्या घरी, एकही गोळी न खर्चता बरंच तपासता येतं. रायफल रिकामी आहे याची खात्री करून ती घट्ट आवळून ठेवा आणि पंचवीस यार्डांवर चौकटींचा कागद लावा. तिथे एक क्लिक म्हणजे इंचाचा सोळावा भाग. चाळीस क्लिक जा, परत या, फुली मूळ रेघेवर येते का बघा. मॅग्निफिकेशन तीनपासून नऊपर्यंत फिरवताना फुली जागा सोडते का तेही बघा. थंडीतून उबदार खोलीत आणल्यावर बाहेरच्या काचेवर वाफ धरणारच. आतून धरली तर सील गेलंय.

विक्रेता आधी म्हणाला, तुमच्या रायफलचा धक्का जास्त आहे. मग म्हणाला, स्वखर्चाने परदेशी परत पाठवा. शेवटी मी लिहिलेला रिव्ह्यू काढून टाकला तर तीस टक्के परत द्यायची तयारी दाखवली. हे सगळं होईतो आठवडे गेले. मी क्रेडिट कार्डाच्या बँकेला कंपनीचं पत्र आणि बॉक्स टेस्टच्या कागदाचा फोटो जोडून तक्रार दिली, तेव्हा पूर्ण पैसे परत आले. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यात अशी तक्रार लेखी करायला, ज्या बिलात ती रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवस मिळतात. विक्रेत्याच्या ‘दोन दिवसांत कळवतो’मध्ये ते घालवू नका, आणि डेबिट कार्डाने स्कोप घेऊ नका, त्याला हा कायदा लागू होत नाही.