एका इंजिनाच्या होडीला कटऑफ कोणता: पात्याचा, गोल, की दोन बॅटऱ्यांचा?

होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारली, बॅटरी मात्र आतच राहिली. ऑगस्टात चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. मालवणजवळच्या देवबागेत आमच्या वाडीत दरवर्षी कुणा ना कुणाचं हे होतंच. हिशेब साधा आहे. बंद असतानाही चोरून २० मिलिअँपिअर खाणारा एखादा रेडिओ सेट १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत सुमारे २९ अँपिअर-तास पितो. ६० अँपिअर-तासाची बॅटरी यातच निम्मी उतरते, आपोआप उतरते ती वेगळीच. खरं तर पावसाळ्यात बॅटरी घरी आणून चार्ज करत राहावी. कटऑफ, म्हणजे बॅटरी बाकीच्या वायरिंगपासून तोडणारा स्विच, लागतो तो बाकीच्या दिवसांत: होडी खाडीत नांगरावर असताना, आणि एखादी वायर तापून वास मारायला लागली तेव्हा.

ज्यांचं इंजिन दोरी ओढून सुरू होतं आणि होडीत बॅटरीच नाही, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

सगळ्यात स्वस्त म्हणजे बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारा पात्याचा, नाहीतर हिरव्या गुंडीचा स्विच. मीही आधी तोच घेतला. जीप-ट्रॅक्टरला तो ठीक. खाऱ्या वाऱ्यात पितळ हिरवं पडतं, गुंडीच्या आट्यांत मीठ बसतं आणि एके दिवशी ती धड उघडतही नाही, धड आवळतही नाही. शिवाय हा स्विच उघडा असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशीच साचते. टाकी आणि बॅटरी एकाच खणात असतील तर तिथे ठिणगी नको.

गोल मेन स्विच, फक्त चालू आणि बंद, केबल आत बंदिस्त. एक बॅटरी, एक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) असेल तर माझं मत सरळ याच्या बाजूने. घेताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, त्यावर 'इग्निशन प्रोटेक्टेड' लिहिलंय का, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवत नाही. दुसरी, सतत किती अँपिअर आणि सेल मारताना किती, हे दोन्ही आकडे. दुकानदार मोठाच तेवढा सांगतो. स्विच पॉझिटिव्ह केबलवर, बॅटरीजवळ पण पाणी साचतं त्यापेक्षा वर, टाकी न हलवता हात पोचेल असा लावावा. काम करताना निगेटिव्ह आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची.

तिसरा '१-२-बोथ'वाला, म्हणजे पहिली, दुसरी की दोन्ही बॅटऱ्या एकदम, हे फिरवून निवडायचा. मालवण धक्का ते सिंधुदुर्ग किल्ला अशा फेऱ्या मारणाऱ्यांना तो मोहात पाडतो, कारण फेरी छोटी, सेल मारायचा पुन्हा पुन्हा, आणि बॅटरी भरायला वेळ नाही. पण छोट्या इंजिनाचं चार्जिंग मुळात मोजकंच. एक बॅटरी भरताना मारामार, तिथे दोन कशा भरणार? त्यात माणूस हटकून 'बोथ'वर ठेवून जेवायला जातो आणि दोन्ही एकदमच उतरतात. रात्रीचे दिवे, मोठा फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), माशांच्या टाकीचा पंप असा बारदाना असेल तर दुसरी बॅटरी घ्यावी, पण मग प्रत्येकीला वेगळा गोल स्विच आणि मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले. इंजिन चालू होऊन पहिली बॅटरी साधारण १३.३ ते १३.७ व्होल्टवर गेली की तो दुसरीला जोडतो, इंजिन थांबलं की सोडवतो. लक्षात काही ठेवावं लागत नाही.

आता पाणी उपसायच्या पंपाचं. स्विच कुठलाही घ्या, ऑटोमॅटिक पंपाची वायर स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून हवी. त्या वायरला स्वतःचा फ्यूज, बॅटरीपासून ७ इंचांच्या आत, पंपाच्या पुस्तकात दिलाय तेवढ्याच अँपिअरचा. पात्याच्या स्विचचा मला सर्वांत मोठा राग इथेच. तो बहुतेक निगेटिव्ह टर्मिनलवर बसतो. पंपाची लाल वायर थेट जोडली, पण काळी स्विचच्या पलीकडे गेली, की पंपही बंद. रात्री पाऊस झाला, सकाळी बघतो तर इंजिनाच्या बाजूने होडी निम्मी पाण्यात. वाडीतल्या काकांनी काठावरूनच विचारलं, "मेल्या, पंपाची वायर खंय जोडलंस?"

इंजिन चालू असताना कटऑफ बंद करू नये; चार्जिंगच्या रेक्टिफायरची, म्हणजे इंजिनाची वीज बॅटरीजोगी करणाऱ्या भागाची, वाट लागते. आणि इंजिन झटक्यात थांबवायला लाल पिळाची दोरी असते, ती मनगटाला हवी. ते काम कटऑफचं नव्हे, आउटबोर्ड बऱ्याचदा बॅटरी तोडली तरी फिरतच राहतं.