ज्योत डोळ्यांपुढे आणायची की श्वास पाहायचा?

"डोळे मिटा, ज्योत पाहा" म्हटलं की अनेकांना नुसता काळोख दिसतो आणि तिथेच ध्यान सुटतं. हा एकाग्रतेचा दोष नव्हे. काहींच्या मनात चित्र उमटतच नाही. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी 2015 साली त्याला 'अफँटेझिया' हे नाव दिलं.

तरी ज्योतच हवी असेल तर निरांजन डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा. मिनिटभर पाहून डोळे मिटा. दिसणारा रंगीत ठिपका ही डोळ्यांत उरलेली छाप असते. नजरेने तिचा पाठलाग केला की ती निसटते आणि कपाळ आखडतं. ठिपका विरला तर ओढून आणू नका. ज्योतीची ऊब, तुपाचा वास आठवला तरी चालतं.

श्वासाला चित्र लागतच नाही. इगतपुरीच्या 10 दिवसांच्या विपश्यना शिबिराची सुरुवात आनापानाने, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहण्याने होते: नाकपुड्यांपाशी आत येणारा गार, बाहेर जाणारा कोमट स्पर्श. इथली चूक वेगळी. लोक श्वास मुद्दाम लांबवतात, मग छाती जड होते. तसं झालं तर एक उसासा सोडा आणि पुन्हा नुसतं पाहा.

नवख्यांनी महिनाभर रोज 10 मिनिटं श्वासच पाहावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. झोप अनावर होत असेल तर मात्र उघड्या डोळ्यांनी पाहिलेली ज्योत बरी.