द थर्सडे मर्डर क्लब: खुनापेक्षा माणसंच जास्त आवडली

रिचर्ड ऑस्मनची ही २०२० सालची कादंबरी, इंग्लंडमधल्या केंटमध्ये कूपर्स चेस नावाच्या रिटायर्ड लोकांच्या वसाहतीत घडते, एलिझाबेथ, जॉइस, रॉन आणि इब्राहिम दर गुरुवारी जमून पोलिसांना न सुटलेल्या जुन्या केसेस उकलत बसतात आणि मग त्यांच्या दारातच खरा खून होतो. रहस्य मस्तच आहे, पण मला जास्त भिडलं ते एलिझाबेथ आणि तिचा नवरा स्टीफन यांचं नातं. त्याची स्मृती हळूहळू चाललीय, तरी बुद्धिबळाच्या पटावर बसला की बोगदान नावाच्या पोलिश बांधकाम कामगारासमोर तो अजूनही तल्लख, आणि ती हे सगळं जगापासून लपवत त्याला जीव लावून सांभाळतेय, ते वाचताना अक्षरशः गलबलून येतं हो! म्हातारपणीचं प्रेम इतक्या साधेपणाने फार कमी वाचायला मिळतं. जॉइसची डायरी तर माझी एकदम फेवरेट, केक, शेजारी, मुलगी, खून सगळं एकाच दमात सांगते. शेवटाकडे मात्र संशयित आणि उलगडे जरा जास्तच झालेत, दोन-तीनदा मागची पानं उलटावी लागतात. प्रकरणं छोटी आहेत त्यामुळे दमायला होत नाही. धडाधड थरार हवा असेल तर दुसरं काहीतरी घ्या, बाकीच्यांनी बिनधास्त वाचा.