आयव्हीएफपूर्वीचे समुपदेशन: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आयव्हीएफचे, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचे, उपचार सुरू होण्याआधीपासून मी व्हिडिओ कॉलवर समुपदेशन घेत आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातून कुठेही जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे ही सोय मोलाची ठरली; मात्र पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून साध्या फोनवर बोलता येईल का, हे आधीच विचारून घ्यावे.

मला धास्ती होती ती पिकअपची, म्हणजे अंडी काढण्याच्या दिवसाची. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण 34 ते 36 तासांनी पिकअप असते आणि ते तास कसे काढायचे हेच कळत नव्हते. समुपदेशक मॅडमनी ‘घाबरू नका’ असे एकदाही म्हटले नाही. उपाशीपोटी पोहोचणे, गाऊन, सलाईन, भूलतज्ज्ञ असा तो दिवस त्यांनी मला क्रमाने सांगायला लावला आणि माझा आवाज जिथे अडखळला तिथेच थांबवले. भीती सुईची नव्हतीच, भूल दिल्यावर काही झाले तर काय, याची होती. तो प्रश्न लिहून नेऊन मी डॉक्टरांना विचारला; भूल थोड्याच वेळाची असते आणि भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ जवळ असतात, हे समजल्यावर आदल्या रात्री झोप लागली.

‘टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे राहील,’ हे माहेरी आणि सासरीही ऐकून दोष माझाच असे मनात बसले होते. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यासांचा, 3,583 स्त्रियांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. उपचारापूर्वीच्या मानसिक ताणामुळे गर्भधारणेची शक्यता घटते, असे त्यात आढळले नाही. पहिले ट्रान्सफर, म्हणजे तयार गर्भ गर्भाशयात सोडणे, अयशस्वी झाले तेव्हा मी खूप रडले, पण स्वतःला बोल लावला नाही. गौरीच्या ओवशाला जमलेल्या बायकांच्या प्रश्नांना उत्तरही आम्ही मॅडमसोबतच ठरवले होते: ‘सांगण्यासारखे झाले की आम्हीच सांगू.’ ते यजमानांनी दिले, मला द्यावे लागले नाही.

यजमानांच्या स्वतःच्या भीतीला मात्र या सत्रांत फार कमी वेळ मिळाला, ही उणीव मला जाणवते. 2021 च्या सहाय्यक जननतंत्र कायद्यानुसार जोडप्याला समुपदेशन देणे ही क्लिनिकची जबाबदारी आहे; आमच्याकडे ते एका फॉर्मवरच्या सहीत उरकले गेले. आपल्या क्लिनिकमध्ये ते आग्रहाने मागावे. खासगी फी परवडत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.